मुरमाच्या वाटेवर सायकल जड का होते?

एक साधा प्रश्न घेऊ या. तुमच्या गावापासून शाळेला दोन वाटा आहेत. एक डांबरी सडक, पण ती वळसा घालून जाते, म्हणून सात किलोमीटर भरते. दुसरी मुरमाची पांदण. ती बांध्यांमधून आणि जंगलाच्या कडेने सरळ जाते आणि पाच किलोमीटरच आहे. सायकलने जायचे असेल तर तुम्ही कोणती वाट धराल?

“जवळची!” असे उत्तर बहुतेक जण देतील. पण गोंदिया जिल्ह्यात रोज सायकलने शाळेला जाणाऱ्या मुलामुलींना विचारून पाहा. ते आधी तुम्हालाच विचारतील, “महिना कोणता?” आणि त्यांचा हा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे. मार्गशीर्षात जी पांदण हलकी वाटते, तीच चैत्रात मांड्या भरून आणते आणि श्रावणात तर सायकलच खांद्यावर घ्यायला लावते. वाट तीच, सायकल तीच, चालवणाराही तोच. मग बदलते काय?

गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव अशा आठ तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, साग-मोहाचे जंगल आणि त्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा हे इथले नेहमीचे चित्र. गेल्या काही वर्षांत मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांतील हजारो शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. सायकल मिळाली म्हणजे पुढचे शिक्षण चालू राहण्याची शक्यता वाढली, हे खरे. परंतु सायकल जिच्यावरून चालायची ती वाट समजून घेणे उरतेच.

प्रथम मुरूम म्हणजे काय ते पाहू. मुरूम हा कुजलेला खडक. पुण्या-नाशकाकडचा मुरूम बहुधा बेसाल्टचा असतो. तो लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोंदियाच्या भूमीतले कित्येक खडक त्याहून फार म्हातारे आहेत. भूशास्त्रज्ञ मध्य भारतातल्या एका अतिप्राचीन खडकसमूहाला आपल्या आमगावचेच नाव देतात. त्यातले पट्टेदार नाईस खडक दोन अब्ज वर्षांहून जुने आहेत. अशा नाईस व ग्रॅनाइट खडकांत मुख्यतः दोन खनिजे दिसतात. एक फेल्डस्पार, जे पाणी-हवेने हळूहळू कुजून चिकणमाती बनते. दुसरे क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी. ती कुजत नाही, नुसती दाण्यादाण्यांनी सुटी होते. म्हणून इथल्या मुरमात कठीण, टोकेरी दाणे आणि त्यांना धरून ठेवणारी माती असा जोडीचा संसार असतो. माती हा त्यातला गोंद.

आता या गोंदाचे वागणे पाहा. माती किंचित ओली असली की दाण्यांच्या फटींत पाण्याचे पातळ पापुद्रे असतात आणि ते दाण्यांना एकमेकांकडे ओढतात. ओल्या वाळूचा खोपा उभा राहतो तो याच ओढीमुळे. धान कापणीनंतर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, मुरूम नेमका असा असतो : घट्ट, दबलेला, चाकाखाली जवळजवळ डांबरासारखा. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, माती आकसते, ट्रॅक्टरच्या चाकांखाली तिची पूड होते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. मागे राहतात सुटे दाणे. पावसाळ्यात याच्या उलट होते. सगळ्या फटी पाण्याने भरतात, पापुद्रे उरतच नाहीत, ओढ संपते आणि चिकणमाती निसरडी होऊन मडगार्डात अडकते. वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात ही तिन्ही रूपे दर वर्षी पाहायला मिळतात.

याचा पायांशी संबंध काय? चाक लोळताना टायर खालून किंचित दबतो, पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. सुट्या मुरमात आणखी एक खर्च असतो. चाक दाणे बाजूला ढकलते, आपणच केलेल्या खाचेत बसते आणि त्या खाचेचा पुढचा काठ सतत चढत राहते. म्हणजे वाट सपाट असूनही चाक जन्मभर चढावरच! या सगळ्या अडथळ्याला आपण ‘लोळण-विरोध’ म्हणू. तो एकूण वजनाच्या ठरावीक अंशाइतका धरता येतो.

समजा विद्यार्थिनीचे वजन ४५ किलो, सायकलचे १९ आणि दप्तर-डब्याचे ६, म्हणजे एकूण ७० किलो. चांगल्या डांबरावर लोळण-विरोध वजनाच्या हजारात सुमारे ६ भाग, म्हणजे ०.४२ किलो. दबलेल्या, किंचित ओल्या मुरमावर हजारात १० भाग धरले तर ०.७ किलो. उन्हाळ्यातल्या सुट्या मुरमावर हजारात २० भाग, म्हणजे १.४ किलो. नाल्यातल्या वाळूत हाच आकडा सहज ६० भागांवर जातो, म्हणजे ४.२ किलो. हे आकडे ढोबळ आहेत. टायर आणि वाट बदलली की तेही बदलतील. शिवाय ताशी १२ किलोमीटर वेगाने जाताना हवा सुमारे ०.३५ किलोचा विरोध करते. तो सगळीकडे सारखाच.

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्ही शिकला आहात. आता हिशेब करा. डांबरावर ०.७७ गुणिले ७००० मीटर, म्हणजे सुमारे ५४०० किलोग्रॅम-मीटर. दबलेल्या मुरमावर १.०५ गुणिले ५०००, म्हणजे ५२५०. आणि सुट्या मुरमावर १.७५ गुणिले ५०००, म्हणजे ८७५०! मार्गशीर्षात दोन्ही वाटांना जवळजवळ सारखेच कष्ट पडतात आणि पांदणीने वेळ वाचतो. चैत्रात मात्र जवळची वाट दीडपटीहून महाग पडते. “महिना कोणता?” या प्रश्नात एवढे गणित दडलेले आहे.

वाट बदलणे आपल्या हातात नसते, पण टायरमधली हवा असते. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली घेतले, पण ते मागे पडले. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर नव्याने बनवला आणि जगभर तो रूढ झाला. हवेचे काम काय? चाकाखाली खडा आला की कडक चाक संपूर्ण सायकल, स्वारासकट, खड्यावर उचलते आणि पलीकडे आपटते. उचलण्याला लागलेली ऊर्जा तुमच्या हाडामांसाच्या थरथराटात वाया जाते. हवेचा टायर त्या खड्याला आपल्या पोटात घेतो. टायर तेवढ्या जागी दबतो, पण सायकल जागची हलत नाही.

म्हणून टायर दगडासारखा टणक भरला की सायकल पळते, ही समजूत गुळगुळीत डांबरापुरतीच खरी. मुरमावर थोडी कमी हवा बरी. थोडी म्हणजे किती? हवेचा दाब मोजायचे यंत्र नसले तरी चालेल. मागचे चाक धान मोजायच्या सपाट काट्यावर ठेवा, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची वीट द्या, मित्राला हँडल धरायला सांगून सायकलवर बसा आणि मागच्या चाकावरचा भार वाचा. तो ४२ किलो आला असे समजू. आता टायर ओला करून आलेखाच्या कागदावर टेकवा व पुन्हा बसा. उमटलेल्या ठशाचे चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. ठसा १४ चौरस सेंटिमीटर आला, तर दाब ४२ भागिले १४, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो, किंवा पंपवाल्याच्या भाषेत ४३ पौंड. टायरचे कापडही थोडा भार पेलते, म्हणून हे उत्तर थोडेसे चुकते, पण तुलनेला पुरेसे आहे. हवा कमी करून ठसा १७ चौरस सेंटिमीटर केला की दाब अडीच किलोच्या आसपास येतो. मुरमाच्या वाटेला इथून सुरुवात करावी.

याहून फार खाली मात्र उतरू नका. हवा अगदी कमी झाली आणि चाक दगडावर आदळले, तर ट्यूब रिम आणि दगड यांच्या चिमट्यात सापडते. मग तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चरवाल्याकडे गेल्यावर दोन भोके दिसली की काट्याला दोष देऊ नका, कमी हवेला द्या. डबलसीट बसणार असाल तर हवा वाढवलीच पाहिजे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक प्रयोग करा. हलक्या उतारावर एक खूण करा. तिथून पायडल न मारता सायकल सोडा आणि ती कुठवर जाऊन थांबते ते मोजा. दर खेपेला तोच स्वार, तीच बसण्याची ढब. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. मग थोडी हवा सोडून पुन्हा करा. डांबरावर टणक टायर लांब जाईल. मुरमावर मात्र एका मर्यादेपलीकडे हवा वाढवूनही अंतर वाढत नाही, कधी कधी घटते. ती मर्यादा तुमच्या वाटेसाठी कोणती, हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही.

मुरमाच्या रुंद रस्त्यावर आणखी एक त्रास असतो, तो लाटांचा. रस्त्यावर आडव्या, सारख्या अंतराच्या वळकट्या पडतात आणि सायकल खडखडते. कोणी मुद्दाम न करता इतक्या शिस्तीच्या लाटा येतात कोठून? फ्रान्समधील लिआँ, कॅनडातील टोरांटो आणि इंग्लंडातील केंब्रिज येथील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूच्या गोल फिरणाऱ्या थरावर एक साधे चाक चालवले. वेग कमी असताना थर सपाट राहिला. ठरावीक वेगापलीकडे मात्र लाटा आपोआप उमटल्या. लहानशा उंचवट्यावर चाक किंचित उडते, पलीकडे पडून खड्डा करते, समोर दाणे ढकलून नवा उंचवटा रचते. पुढचे चाक तिथेच उडते. एक लाट दुसरीला जन्म देते. रस्ता सपाट केला तरी भरधाव गाड्या त्या पुन्हा उठवतात.

समजा लाटांतले अंतर ६० सेंटिमीटर आहे. ताशी १२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ३.३ मीटरला, दर सेकंदी साडेपाच हिसके बसतील. माणसाचे धड दर सेकंदाला ४ ते ८ हिसक्यांना सर्वांत जास्त डोलते, झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा तसे. म्हणूनच पोटातले पाणी हलल्यासारखे वाटते. अशा वेळी वेग निम्मा करा किंवा रस्त्याची कड धरा. सीटवरून किंचित उठून गुडघे व कोपरे सैल सोडली तर हिसका धडापर्यंत पोचत नाही.

आता थोडे लांब जाऊ. सुटीत मित्रांबरोबर गोंदियाहून नवेगावबांधला सायकलने जायचे ठरले, तर अंतर सुमारे ६५ किलोमीटर. नकाशा उघडा आणि नद्यांकडे बघा. गोंदियाजवळची पांगोली उत्तरेकडे वाहते. चुलबंद दक्षिणेकडे वाहते आणि पुढे भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला मिळते. एक उत्तरेला, दुसरी दक्षिणेला, तेव्हा मध्ये कोठेतरी उंच पाठ असलीच पाहिजे. गोरेगाव सोडून मुरदोलीच्या जंगलाकडे जाताना पायांना चढ लागतो, तोच हा जलविभाजक. नदीच्या खोऱ्याने जाल तर चढ थोडा, खोरे ओलांडाल तर चढ नक्की. हे वाट आखताना पहिल्यांदा पाहावे.

चढ मोजायला भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्या. त्यात जमिनीवरचा अर्धा किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर असतो आणि समोच्च रेषा बहुधा वीस-वीस मीटरच्या असतात. दोन रेषा एक सेंटिमीटरवर असतील तर ५०० मीटरला २० मीटर, म्हणजे २५ ला १ असा चढ. आपल्या ७० किलोला तो २.८ किलोने मागे खेचेल. त्यात मुरमाचे व हवेचे १.०५ मिळवा : ३.८५ किलो. साध्या सायकलीला समोर ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे साडेपाच मीटर जाते आणि पाय जातो सुमारे १.०७ मीटर. म्हणून पायाला पाचपट जोर द्यावा लागतो : सरासरी २० किलो. शिवाय पायडल खाली जातानाच खरा जोर लागतो, तेव्हा मधल्या क्षणी तो ३० किलोच्या घरात जातो. पंचेचाळीस किलोच्या मुलीला यासाठी जवळजवळ उभेच राहावे लागेल. अशा ठिकाणी उतरून सायकल ढकलण्यात लाज कसली?

फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावाच्या पॉल द व्हिव्ही या गृहस्थांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला नेमक्या याच कारणासाठी बदलत्या गिअरचा हट्ट धरला. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत. डोंगर-जंगलांच्या कच्च्या वाटांवर गिअर आणि रुंद टायर हवेत, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. तरीही ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीत साखळी सरकवणारा गिअर १९३७ पर्यंत चालत नव्हता! आज परदेशात ‘ग्रॅव्हल’ सायकलींचे मोठे कौतुक होते. खडीच्या वाटांसाठी बनवलेल्या या सायकलींचा टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. आपल्या काळ्या, उंच, साध्या सायकलीचा दीड इंची टायर मोजा. ३८ मिलिमीटर भरेल.

मुरदोलीचा रस्ता नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांच्या मधून जातो. २०१३ साली ही जंगले मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यप्राणी एका जंगलातून दुसऱ्यात जाताना हा रस्ता ओलांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये याच भागात मोटारीची धडक बसून एक वाघ मेला. सायकलस्वाराने हा टप्पा भर दिवसा, मोठ्यांच्या सोबतीने, तीन-चार जणांनी मिळून पार करावा. पहाटे आणि तिन्हीसांजेला तिथे जाऊ नये. आतल्या जंगलवाटांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय चाक घालायचे नाही.

कोहमाऱ्याला मोठा महामार्ग ओलांडून पुढे गेले की बांध्यांचा मुलूख लागतो. इथे नकाशा जमिनीवरच काढलेला आहे. बांधीत पाणी सारख्या पातळीत उभे राहावे लागते, म्हणून धुरे साधारण समोच्च रेषांप्रमाणे फिरतात. धुरे जवळजवळ दिसले की उतार तीव्र, बांध्या ऐसपैस दिसल्या की जमीन सपाट. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. भोवतीच्या टेकड्यांच्या मधली खिंड नेमकी हेरून पाळ घालणाऱ्यांना जमिनीचा उतार किती बारकाईने कळत होता, हे तलाव पाहिल्यावरच उमगते.

सर्वांत हलकी वाट मात्र कालव्याच्या पाळीची. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचे कालवे पुढे धानाला पाणी नेतात. अशा कालव्याला फार थोडा उतार देतात. तो ५००० ला १ धरला, तर किलोमीटरमागे २० सेंटिमीटर. आपल्या ७० किलोला एवढा उतार अवघ्या १४ ग्रॅमने ओढतो! कालवा टेकडी चढत नाही, तिला वळसा घालतो आणि त्याच्या पाळीवरची वाटही तेच करते. दक्षिण फ्रान्समधला मिडी कालवा १६८१ साली खुला झाला. त्याच्या काठच्या वाटेवर आज लांबून लांबून सायकलस्वार येतात, तेही याच कारणाने. पाळीवरून जाताना एकामागे एक चाला आणि कालव्याच्या निसरड्या उताराकडे जाऊ नका.

शेवटची गोष्ट रपट्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पावसाळ्यात नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहते. गुडघ्याएवढे तर आहे, असे म्हणून मुले सायकल हाती धरून उतरतात. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. गुडघ्याच्या थोडे वर, अर्धा मीटर पाण्यात दोन पाय उभे असले, तर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी सुमारे ६ किलोने ढकलते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, २४ किलो. तिप्पट झाला की नऊपट, ५४ किलो, म्हणजे त्या मुलीच्या वजनाहून जास्त. हातात सायकल असेल तर तिची चाके, दप्तर आणि तारांत अडकलेला पालापाचोळा पाण्याला आणखी जागा देतात. खाली शेवाळ असते, तिथे पाय टिकत नाही.

वेग मोजणे अवघड नाही. काठावर उभे राहूनच, पाण्याच्या बाजूने दहा मीटर अंतरावर दोन खुणा धरा. वरच्या खुणेपाशी पळसाचे पान टाका आणि ते खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दहा सेकंद लागले तर वेग १ मीटर, पाच लागले तर २. हा प्रयोग उतरावे की नाही हे ठरवण्यासाठी नाही, कारण रपट्यावरून पाणी वाहत असले की उतरायचेच नाही. सात किलोमीटरचा डांबरी वळसा आहे, किंवा पाणी उतरेपर्यंत थांबणे आहे. नाल्याचे पाणी बहुधा जसे भरभर चढते, तसेच काही तासांत उतरतेही. उतरल्यावर रपट्यावर वाळू आणि गाळ साचलेला असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबू नका. सायकलवरून उतरा आणि ती हाताने पार न्या.